चाकांवरची करवत

पिंपरी-चिंचवडच्या संत तुकाराम नगरात सुतारकामाची हौस भागवायची, तर जागा मिळते गॅलरीत नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात. म्हणून करवतीचं टेबल चाकांवर हवं आणि त्याखाली हत्यारांचे खण.

लाकडाला लांब जायला नको. भोसरी-चाकण पट्ट्यात यंत्रं पाइनच्या खोक्यांतून येतात, त्या फळ्या जुन्या बाजारात मिळतात. फळीवरचा शिक्का मात्र वाचा. ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरं असली तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. ते घरात नकोच. आणि खिळे आधी उपटा, नाहीतर पात्याचे दात गेलेच म्हणून समजा.

टेबलाचा खोका मात्र १८ मिलिमीटर प्लायचा करा. फरशी क्वचितच सपाट असते, भार बहुधा तीनच चाकांवर येतो; म्हणून एकूण वजनाला तिनाने भागून चाकं निवडा. ब्रेक चारही चाकांना घ्या, दुकानदार दोन पुरेत म्हणाला तरी. टेबलाच्या उंचीत चाकांची उंची धरा. जड हत्यारं तळच्या खणात. करवतीखाली भुसा पडायला मोकळी वाट हवी.

पातं बदलताना किंवा टेबल ढकलताना प्लग काढलेलाच असू द्या.