विद्येला हिशेबाची जोड

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरव प्रसंगी नागाव येथे दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी आम्हांस ‘विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवीधरांस व्यापारउद्योगाचे शिक्षण’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. उभा जन्म प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेला. ज्यांच्या पदव्यांची अक्षरे आम्हांस नीट उलगडत नाहीत, त्यांना आम्ही काय सांगावे? परंतु या विषयाची फी आम्ही पदरमोड करून भरली आहे, आणि फी भरलेल्या विद्यार्थ्यास चार शब्द बोलण्याचा अधिकार असतो, असे समजून उभे राहिलो आहो.

आमच्या लहानपणी ज्ञातीतला मुलगा मॅट्रिक झाला की घरी पेढे वाटले जात. आज गुणगौरवाच्या यादीत एम.एस्सी., एम.टेक. अशी नावे आहेत आणि त्यांत मुलींची संख्या मोठी आहे, हे पाहून ऊर भरून येतो. तथापि सत्कार झाल्यावर ही मुले कोठे जातात? नोकरीस. त्यांत गैर काही नाही. थळचा खतकारखाना उभा राहिला तेव्हा तेथे चिकटलेला मुलगा म्हणजे भाग्यवान, असे आम्हीच वर्गात सांगत होतो. “धंदा हे शिकलेल्याचे काम नव्हे” हे वाक्यही आमच्या तोंडून किती वेळा गेले असेल, त्याची गणती नाही. त्या वाक्याचे प्रायश्चित्त पुढे आमच्याच घरात आम्हांस घ्यावे लागले.

आमचा एक पुतण्या २०१७ साली एम.टेक. झाला. मुलगा बुद्धीचा तल्लख. अंगणात वाळत घातलेल्या सुपारीला चाळीस-चाळीस दिवस ऊन द्यावे लागते, अवकाळी पावसाची सर आली की सारे घर धावत सुटते, हे तो जन्मापासून पाहत आला होता. त्याने सूर्याच्या उष्णतेवर चालणारे सुकवणीयंत्र तयार केले. “काका, सुपारी निम्म्याहून कमी दिवसांत वाळेल,” असे तो म्हणाला, आणि ती खरोखरच वाळली. आम्हांस इतका अभिमान वाटला की निवृत्तीच्या रकमेतले तीन लक्ष रुपये आम्ही त्याच्या हाती ठेविले. कागद केला नाही, हिशेब विचारला नाही. घरातल्या घरात कागद कसला, असे आम्हांस वाटले.

पहिल्या हंगामात तीन यंत्रे खपली. दोन आप्तांनी भिडेखातर घेतली आणि तिसरे उधारीवर गेले. चौथ्याचे गिऱ्हाईक काही केल्या मिळेना. आम्ही शेजारच्या वहिनींकडे शब्द टाकला. त्या वाडी सांभाळून पाहुण्यांच्या खोल्याही चालवितात. त्यांनी यंत्र निरखून पाहिले, कौतुक केले आणि म्हणाल्या, “गुरुजी, यंत्र नामी आहे. पण ऊन काय विकत घ्यावं लागतं का? मला अडचण वाळवण्याची नाही हो, पोफळीवर चढायला गडी मिळत नाही ही आहे.”

मंडळी, या दोन वाक्यांत जे शिक्षण होते ते त्या मुलास सहा वर्षांच्या उच्च शिक्षणात कोणी दिले नव्हते. त्याने यंत्र आधी केले आणि गिऱ्हाईक मागाहून शोधिले. वर्षातून थोडे महिने लागणाऱ्या वस्तूसाठी वाडीवाला साठ हजार रुपये का मोजील, हे कोणास विचारिले नाही. किंमत ठरविताना पत्रा, काच, पंखा यांचे बावन्न हजार धरले आणि आठ हजार नफा मांडला. स्वतःच्या सहा आठवड्यांची मजुरी, मदतनिसाचा रोज, वाहतूक, कर, दुरुस्तीच्या फेऱ्या, यांचा रकानाच वहीत नव्हता. म्हणजे प्रत्येक यंत्रामागे तो तोटा विकत होता आणि त्यास नफा म्हणत होता! उधारी मागण्याचा त्यास संकोच वाटे, कारण देणेकरी ज्ञातीतलाच होता.

२०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने आपल्या वाड्या आडव्या केल्या. त्यानंतर लोक म्हणू लागले, वादळाने पोराचा धंदा बुडविला. आम्हीही काही काळ तसेच सांगत होतो, कारण त्यात अब्रू राहत होती. आज सर्वांसमक्ष सांगतो, ते खरे नव्हे. वादळाच्या सहा महिने आधीच दुकानास कुलूप लागले होते. विज्ञान चुकले नव्हते, हिशेब चुकला होता. आणि हिशेब न शिकविणाऱ्यांत आम्ही पहिले.

कोणी म्हणेल, व्यापार रक्तात असावा लागतो, तो शिकवून येत नाही. आम्हांस हे पटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते? मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणारे मास्तर. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावास भावाच्या सायकलच्या दुकानी गेले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी केला. लोखंडाने जमिनीस विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले मोजके नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. नांगर ओतणे ही अर्धी विद्या. शेतकऱ्याचे भय ओळखून ते दूर होईपर्यंत टिकून राहणे ही उरलेली अर्धी. ती त्यांनी साधली, म्हणून १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसली.

दुसरे उदाहरण प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांचे. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवीत. डांबराने काळवंडलेला राणी व्हिक्टोरियाचा पुतळा रसायनविद्येच्या बळावर स्वच्छ करणारे ते हेच. त्यांनी गिरगावात स्वतःची प्रयोगशाळा काढून पदवीधरांस उद्योगी रसायनाचे धडे दिले, आणि त्याच वर्तुळातून, कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्या साहाय्याने, १९०७ साली ‘अलेम्बिक’ हा औषधांचा कारखाना निघाला. म्हणजे पदवीधर शास्त्रज्ञास उद्योग शिकविणे ही आजची टूम नव्हे. शंभरांहून अधिक वर्षांची वाट आहे. मध्यंतरी आपण ती विसरलो.

आता ती वाट पुनश्च मोकळी होत आहे. पवईच्या आय.आय.टी.त २००४ साली ‘साइन’ नावाची संस्था निघाली. संशोधनातून उद्योग काढू पाहणाऱ्यांस ती जागा, सल्ला व प्रारंभीचे साहाय्य देते. तेथील काही माजी विद्यार्थ्यांनी २००७ साली स्थापिलेली ‘आयडियाफोर्ज’ ही वैमानिकाविना उडणारी छोटी विमाने, म्हणजे ड्रोन, करणारी कंपनी याच संस्थेच्या छायेत वाढली. ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात जे उडते यंत्र आपण पाहिले ते त्यांचेच. २०२३ साली त्या कंपनीचे भाग शेअरबाजारात आले. म्हणजे रोप लावल्यापासून सोळा वर्षांनी. नारळ लावणाऱ्या आपल्या मंडळींस हा धीर समजावून सांगण्याची गरज नाही. २०१४ पासून त्याच आय.आय.टी.त उद्योजकतेच्या शिक्षणासाठी ‘देसाई सेठी’ केंद्र स्वतंत्रपणे सुरू झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही २००७ पासून ‘व्हेंचर सेंटर’ असेच कार्य करीत आले आहे.

हे शिकवितात कसे, ते ऐकण्याजोगे आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ साली शास्त्रज्ञांसाठी ‘आय-कोअर’ नावाचा वर्ग सुरू केला. त्याचा नियम असा की, सुमारे सात आठवड्यांत संशोधकांनी निदान शंभर माणसांस समक्ष भेटावे. आपली वस्तू विकण्यासाठी नव्हे, तर त्यांची अडचण ऐकण्यासाठी! मोठमोठे पंडित हातात वही घेऊन लोकांच्या दारी जातात आणि पुष्कळदा परत येऊन आपली मूळ कल्पना बदलतात. आमच्या पुतण्यास शंभर नव्हे, एका वहिनींचे दार ठोठावणे पुरे होते. आणि ते दार आमच्या कुंपणापलीकडेच होते.

येथे एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक शास्त्रज्ञाने दुकान थाटावे असे आमचे म्हणणे नाही. ज्यास केवळ ज्ञानाची ओढ आहे त्यास गल्ल्यावर बसविणे हे पाप होईल. परंतु नोकरी करणाऱ्या अभियंत्यासही आपण करतो त्या वस्तूची किंमत काय, ती कोणास हवी आणि का हवी, हे ठाऊक असेल तर तो अधिक चांगला अभियंता होईल. हिशेब येणे म्हणजे लोभी होणे नव्हे. आपले श्रम व दुसऱ्याचा पैसा या दोहोंचा मान राखणे म्हणजे हिशेब.

आणि हे शिकविण्यास पवईच हवी काय? मांडव्यास रो-रो बोट लागू लागल्यापासून आपल्याकडे पाहुण्यांची रीघ वाढली आहे. नागावच्या घराघरांत आयाबहिणी खोल्या व जेवणावळी चालवितात. कोणत्या शनिवारी किती मासळी घ्यावी, पावसाळ्यात खोलीचे भाडे किती उतरवावे, कोणास उधार द्यावे व कोणास गोड बोलून नाही म्हणावे, हे त्यांस पाठ आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता त्या नावाचा भाव शेतकऱ्याच्या पदरात कसा पडावा, हा प्रश्न तर कोणत्याही एम.टेक.वाल्याच्या बुद्धीस पुरून उरेल. शाळा आपल्या अंगणात आहे. विद्यार्थी मात्र मुंबई-पुण्यास आहेत.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवितो. एक, विज्ञान-अभियांत्रिकीची शिष्यवृत्ती घेणाऱ्याने सुटीतील एक महिना गावी राहून एखाद्या वाडीचा अथवा खानावळीचा जमाखर्च स्वतः लिहावा, आणि त्यात घरच्या माणसांची मजुरीही धरावी. दोन, त्याने निदान पंचवीस कुटुंबांस भेटून त्यांच्या अडचणी लिहून आणाव्या व संमेलनात वाचाव्या. तीन, संस्थेने उद्योगासाठी लहानसा निधी काढावा. तो भिडेवर नव्हे, लेखी हिशेबावर द्यावा. उद्योग बुडाल्यास का बुडाला हे याच व्यासपीठावरून सांगण्याची अट असावी, आणि सांगणाऱ्यास आपण टाळ्या द्याव्या. यशाचे सत्कार पुष्कळ झाले; अपयशाचे पाठ कोणी लिहून ठेवीत नाही, म्हणून प्रत्येक पिढी ते नव्याने पैसे मोजून शिकते. या शेवटच्या सूचनेची सुरुवात आम्ही आज स्वतःपासून केली आहे.

आमचा पुतण्या सध्या पुण्यास नोकरीत आहे. दर महिन्यास आमची रक्कम थोडी थोडी फेडतो. आम्ही नको म्हटले तरी ऐकत नाही. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा फराळ आटोपून वही घेऊन शेजारी वहिनींकडे गेला आणि दिवेलागण होईपर्यंत परतला नाही. त्याने काय विचारले, हे आम्ही त्यास विचारिले नाही. वही मात्र उघडीच राहिली होती, म्हणून वर लिहिलेले दिसले: “पोफळीवर चढणारा गडी. हंगामात किती दिवस मिळत नाही? तेव्हा नुकसान किती?”

त्यातून पुढे काही निघेल की नाही, ते सांगता येत नाही. पण प्रश्न या वेळी आधी विचारला गेला, एवढे समाधान या म्हाताऱ्या मास्तरास पुरे आहे.