दाढीचा जुना ब्रश

मंडळी, आज अक्षरांचा पाठ जरा बाजूला ठेवू. एका ब्रशाची गोष्ट सांगायची आहे.

गेल्या बुधवारी वर्ग सुटल्यावर आपल्यातले एक मामा मागे थांबले. सुतारकाम करणारे. त्यांचे नाव आम्ही घेत नाही. पण कोण ते तुम्ही ओळखले असेलच, कारण आत्ता ते खाली मान घालून बसले आहेत. त्यांनी पिशवीतून कागदाची एक पुरचुंडी काढली. आत दाढीचे दोन ब्रश.

"गुरुजी, हे परत वापरात येतील का बघा की," मामा म्हणाले.

त्यातला एक त्यांच्या वडिलांचा. वडील शाहू मिलमध्ये होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली ही कापडाची गिरणी २००३ साली बंद पडली. तिचा भोंगा झाला की आमच्या लहानपणी घरोघर घड्याळे लावीत. मामांचे वडील पहिल्या पाळीला निघण्याआधी, दाराच्या चौकटीला आरसा टांगून दाढी करीत. ते जाऊन बारा वर्षे झाली. तेव्हापासून ब्रश आईच्या ट्रंकेत. आई तो वापरू देत नाही, टाकूही देत नाही. आता मामांच्या मुलीचे लग्न ठरले आहे. लग्नाच्या दिवशी सकाळी बापाच्या ब्रशाने दाढी करावी, असे मामांच्या मनात आले. त्यांनी आईला विचारले. आई म्हणाली, "मास्तरांना इचार. खराब करू नगंस म्हंजे झालं."

दुसरा ब्रश मामांनी रविवारी जुन्या बाजारात चाळीस रुपयांना घेतला. काळपट, जड मुठीचा, दिसायला मोठा ऐटबाज.

आता आम्ही आमचीच एक चूक सांगतो. आमचे वडील गेले तेव्हा आम्ही नोकरीत नवे होतो. वडिलांचा ब्रश आम्हांला हवा होता. उकळले की जंतू मरतात, असे आम्ही रोज पोरांना शिकवत होतो. तेव्हा पातेल्यात पाणी घेतले, ब्रश टाकला आणि खळखळून उकळी येऊ दिली. पंधरा मिनिटांनी बघतो तो काय, मूठ तळाशी आणि केस पाण्यावर तरंगताहेत! ब्रशाचे केस मुठीच्या खोबणीत राळेने किंवा डिंकासारख्या चिकट पदार्थाने बसवलेले असतात. उष्णतेने ती पकड सुटली. आमची आई चुलीपाशीच उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. तिने गाळणीने सगळे केस गोळा केले आणि फडक्यात बांधून ठेवले. मास्तर झालेल्या मुलाला ती काय बोलणार?

म्हणून मामांचा ब्रश हातात घेतला तेव्हा आम्ही घाई केली नाही. आधी चष्मा पुसला आणि मूठ उजेडात धरली. मुठीवर बारीक इंग्रजी अक्षरे होती, अर्धी झिजलेली. 'प्युअर ब्रिसल'. ब्रिसल म्हणजे डुकराच्या अंगावरचा राठ केस. आपल्या देशात या केसांचा मोठा व्यापार कानपूरला चाले.

हे ऐकून मामा चपापले. "म्हंजे आमच्या बापानं जन्मभर डुकराचा केस तोंडाला लावला व्हय? अवो, माळकरी माणूस!" मग थोडे थांबून म्हणाले, "आईला सांगू नका."

आम्ही काही सांगितले नाही. पण खरे तर यात वडिलांचा काय दोष? मुठीवरची अक्षरे त्यांना वाचता आली नाहीत, दुकानदाराने सांगितले नाही. काहींना डुकराचा केस धर्माने वर्ज्य असतो. त्यांनी तर मूठ वाचल्याशिवाय ब्रश घेऊच नये. नायलॉनचे धागे १९३८ साली दातांच्या ब्रशात आले, मग दाढीच्या ब्रशातही आले. ते कोणालाही चालतात.

मामा वडिलांचाच ब्रश वापरणार म्हणाले. "बापाला चालला तर मला बी चालंल."

मग आम्ही दोघे पडवीत बसलो. ब्रशाच्या मुळाशी पांढरा खर चिकटला होता. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. त्यांच्याशी साबण मिळाला की फेस कमी होतो आणि साका जास्त बसतो. हा साका वर्षानुवर्षे केसांच्या बुडाशी साठतो आणि केस दगडासारखे ताठ होतात. आधी ब्रश नुसता हातावर झटकला. सुटे केस तेवढे पडू दिले, ओढून काढले नाहीत. मग कोमट पाणी घेतले. कोमट म्हणजे बोट सहज ठेवता येईल इतकेच. त्यात केस भिजवले. मूठ लाकडाची होती, म्हणून ती पाण्याबाहेर ठेवली. लाकूड किंवा शिंग भिजत ठेवले तर तडकते. पाच-दहा मिनिटांनी केसांना शांपू लावून तळहातावर गोल गोल फिरवले. पहिले पाणी चहासारखे निघाले. तिसऱ्या पाण्याला ते निवळले.

खर मात्र हटेना. तेव्हा वाटीभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घातले आणि केस त्यात दहा मिनिटे बुडवले. घरी व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो. आंबटाने खर विरघळतो. मग पुन्हा धुतले. शेवटी मेडिकलच्या दुकानातले स्पिरिट वाटीत ओतून केसांची टोके त्यात थोडा वेळ धरली आणि स्वच्छ पाण्याने खळबळून काढली. हे काम विस्तवापासून लांब करायचे, बरे का. स्पिरिट भडकते.

बारा वर्षे कोरड्या पडलेल्या बापाच्या ब्रशाला इतके कशाला, असे मामांनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण ट्रंकेत दमट हवा, बुरशी, झुरळे. आणि परक्या माणसाचा नुकता वापरलेला ब्रश असता, तर आम्ही तो घेऊच नका म्हणालो असतो. दाढी करताना गाल खरचटतो, रक्ताचा थेंब येतो. काविळीचा 'बी' नावाचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तरी जिवंत राहू शकतो. दाढीतला नायटाही असाच एकाचा दुसऱ्याला होतो. ब्लेड तर सख्ख्या भावाचेही घेऊ नये. न्हाव्याच्या दुकानात बसलात तर नवे ब्लेड लावायला सांगा. त्यात लाजायचे काय?

धुतलेला ब्रश उन्हात टाकायचा नाही, डबीत बंद करायचा नाही. केस खाली, मूठ वर असा सावलीत टांगायचा. पाणी मुळाकडे उतरले तर राळ सुटते आणि बुरशी धरते. आम्ही मुठीला सुतळी बांधून खिडकीच्या खिळ्याला लटकवला.

आता तो बाजारातला. त्याची मूठ आम्ही उलटीपालटी करून बघितली. एक अक्षर नाही. केस काळे, जाड, टोकाला न फाटलेले. डुकराच्या केसाचे टोक बारीक फाटलेले असते, हे दोन्ही ब्रश शेजारी धरले की दिसते. हा घोड्याचा केस असावा असे आम्हांला वाटले. आणि मग एक जुनी हकिकत आठवली.

पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८ चाललेले. त्या युद्धात विषारी वायू सोडीत. तोंडावरचा मुखवटा घट्ट बसायचा तर गाल गुळगुळीत हवा. म्हणून शिपायांना दाढी रोज करावी लागे. आपल्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. तिथे ज्यांच्या घरात कोणी फौजेत आहे त्यांना विचारा, फौजेत दाढीची शिस्त किती कडक असते ते. तर लाखो ब्रश लागू लागले. चांगले ब्रश बिज्जू नावाच्या प्राण्याच्या केसांचे असत. युद्धाने ती आवक तुटली. मग पूर्वेकडून आलेल्या घोड्याच्या केसांना रंग देऊन तसेच दिसणारे ब्रश निघाले. केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यात अँथ्रॅक्सचे बीज होते.

अँथ्रॅक्स म्हणजे आपले शेतकरी ज्याला फाशी किंवा काळपुळी म्हणतात तोच रोग. ज्यांची गुरे त्याने गेली असतील त्यांना सांगायला नको. ते बीज मातीत वर्षानुवर्षे टिकते. माणसाच्या खरचटलेल्या कातडीतून ते शिरले की फोड येतो, मध्ये काळी खपली धरते. इंग्रज आणि अमेरिकन मिळून दोनशेहून अधिक माणसांना दाढीच्या ब्रशाने हा रोग झाला. काही दगावली. १९२० साली ब्रिटनने जपानी ब्रशांची आयात बंद केली. पुढे केस निर्जंतुक करण्याचे नियम झाले आणि हे प्रकरण मिटत गेले. जुन्या ब्रशांवर 'स्टरिलाइज्ड' असा शिक्का दिसतो तो म्हणूनच. अलीकडे जुने ब्रश वापरण्याची हौस परत आली, तेव्हा २०१७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पुन्हा लिहिले, की धोका फार थोडा आहे, पण १९३० पूर्वीचा घोड्याच्या केसांचा ब्रश तोंडाला लावू नका आणि घरच्या घरी शुद्ध करायच्या भानगडीत पडू नका.

मामांचा ब्रश त्या काळचा होता का? मुठीवर शिक्का नाही, साल नाही. कदाचित चाळीस वर्षांपूर्वीचाही असेल. पण जे वाचता येत नाही त्यावर गाल ठेवायचा कशाला?

मामा हळहळले. "चाळीस रुपये गेले. मग भुसा झाडायला घेऊ?"

आम्ही नको म्हणालो. भुशाबरोबर धूळ नाकात जाते, आणि हा रोग छातीत गेला तर कातडीपेक्षा फार वाईट.

"मग त्यालाच परत देतो. पैसे मागतो."

"आणि तो दुसऱ्याला विकील," आम्ही म्हणालो.

मामा बराच वेळ गप्प बसले. चाळीस रुपये म्हणजे त्यांच्या दोन वेळच्या चहाचे नव्हेत, आठवडाभराच्या चहाचे आहेत. मग त्यांनी स्वतःच प्लॅस्टिकची पिशवी मागितली, ब्रश आत घातला, दोन गाठी मारल्या. म्हणाले, रविवारी जाऊन विकणाऱ्याला सांगून येतो. ते गेले. तो हसला म्हणे. त्याच्याकडे अजून तीन आहेत.

वडिलांचा ब्रश दोन दिवसांत वाळला. केस फुलासारखे उघडले. शनिवारी मामांनी पडवीतच आमचा साबण घेऊन त्याची परीक्षा केली. डुकराचा केस आधी दोन-तीन मिनिटे पाण्यात मुरू द्यावा लागतो, नाहीतर टोचतो. फेस चांगला आला. दोन केस गळाले, तेवढे चालायचे.

काल मामा ब्रश घेऊन घरी गेले आणि न सांगता जुन्या चौकटीच्या खिळ्याला टांगला. आई दळण घेऊन आली. तिने ब्रश बघितला, बोटाने केस चाचपले आणि म्हणाली, "आरसा कुठं हाय रं त्यांचा?"

आता मामा आरसा शोधताहेत.