न्यायासनावरून विद्यापीठाकडे



 पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचे माहुली साताऱ्याहून जवळच आहे. तथापि कायदा शिकविणारे आपण अध्यापक साताऱ्यात जमला असता मला विशेषेकरून स्मरण होते ते याच गावी १९०१ साली जन्मलेल्या न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचे.

संस्कृतविद्येचा वारसा लाभलेल्या घराण्यातील हा पुरुष १९२६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली करू लागला, आणि अशिलांचे कज्जे चालवीत असतानाच नंदपंडिताच्या ‘दत्तकमीमांसे’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याइतकी ज्ञानलालसा त्याने जागती ठेवली. पुढे १९४५ साली उच्च न्यायालयाचे, १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद आणि १९६४ साली सरन्यायाधीशपद त्यांना प्राप्त झाले. परंतु माझ्या मते ते न्यायासनावर असतानाही वृत्तीने अध्यापकच होते.

त्याचे प्रमाण त्यांच्या एका निवाड्यात मिळते. मुंबई प्रांताने हरिजनांना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा १९४७ साली केला, तेव्हा स्वामिनारायण पंथाच्या काही अनुयायांनी, आमचा पंथ हिंदु धर्माहून भिन्न असल्याने हा कायदा आम्हांस लागू नाही, अशी फिर्याद १९४८ साली दाखल केली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६६च्या जानेवारीत निकालात निघाली. कायद्यातील शब्दांचा कीस काढून हा मुकदमा चार पानांत फेटाळता आला असता. परंतु गजेंद्रगडकरांनी हिंदु धर्म म्हणजे काय, येथून आरंभ करून दर्शने, संतपरंपरा आणि लोकमान्य टिळकांनी केलेली व्याख्या यांचा परामर्श घेतला, आणि पक्षकारांची समजूत शास्त्रार्थाने पटवीत मंदिराचे दार हरिजनांसाठी उघडे असल्याचा निर्णय दिला. हरलेल्या पक्षालाही शिकवून जाणारा असा निकाल विरळाच.

त्याच वर्षी मार्च महिन्यात ते निवृत्त झाले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या उच्च न्यायालयात त्यांनी दशकभर न्यायदान केले, त्याच्या शेजारच्याच वास्तूत हे विद्यापीठ आहे. देशातील सर्वोच्च न्यायासन भूषविलेल्या व्यक्तीने परीक्षा, अभ्यासक्रम आणि विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी यांचे दप्तर १९७१पर्यंत सांभाळावे, यात कोणाला पदाची उतरण दिसली असेल, तर मला ते मान्य नाही. शिक्षणाच्या ठायी इतका आदर असल्यावाचून हे घडत नाही. राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी याच काळात सांभाळले, आणि नंतर विधि आयोगाचेही.

असे निवाडे मुळातून वाचण्याऐवजी आपल्या वर्गांतून आज टाचणांचे राज्य वाढत आहे, याची मला मनस्वी खंत वाटते. म्हणून सातारकरांच्या वतीने एकच विनंती करतो : आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून वर्षातून निदान एक निवाडा पहिल्या ओळीपासून अखेरच्या ओळीपर्यंत वाचून घ्यावा, त्यावर वर्गात मराठीतून वाद घडवावा, आणि या संमेलनात तसा ठराव अवश्य करावा.