दोन सामन्यांमधले तीन दिवस



वसंत व्याख्यानमालेत एक अख्खी संध्याकाळ फुटबॉलला द्यायचं धाडस कोल्हापूरशिवाय दुसऱ्या एखाद्या गावानं केलं असतं का, मला शंका आहे. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोर बसलेली असताना फुटबॉलचे प्राथमिक धडे देण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. थेट विषयावर येतो. आज सामना झाला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा बूट चढवायचे आहेत, अशा वेळी चढाईची गती किती ठेवायची?

गॅलरीत याची दोन उत्तरं कायम तयार असतात. एक म्हणजे, ‘पोरं दमल्यात, जरा दमानं घ्या.’ दुसरं, ‘पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल टाका आणि मग बचावाला बसा.’ दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही उत्तरं असं धरून चालतात की, खेळाडू चढाई करून दमतो. माझा अनुभव आणि माझं वाचन वेगळं सांगतं. संघ खरा दमतो तो चेंडू गमावल्यावर, तो परत मिळवण्यासाठी उलट्या दिशेनं धावताना. त्यामुळे गती ठरवण्याआधी प्रशिक्षकानं स्वतःला विचारावं: या गतीनं खेळताना चेंडू किती वेळा जाईल, कुठे जाईल, आणि गेला तर किती जणांना मागे पळावं लागेल? याचं उत्तर मिळालं की गती बरीचशी ठरून जाते.

आधी शरीराचं बघू. वरच्या पातळीवरचा खेळाडू एका सामन्यात दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो. त्यातली पूर्ण ताकदीची धाव काहीशे मीटरच असते. दुखणं निघतं ते याच काहीशे मीटरमध्ये. जोरात पळणं, कचकन थांबणं, वळणं, पुन्हा सुटणं. यात मांडीच्या मागच्या स्नायूला, आपल्या भाषेत हॅमस्ट्रिंगला, सगळ्यात मोठा ताण बसतो. सामन्यात खर्च झालेला स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा भरून यायला दोन ते तीन दिवस लागतात. प्रशिक्षक मंडळी बहात्तर तासांचा हिशेब करतात तो यावरून.

इथे एक गंमत आहे, आणि ती धोक्याची आहे. ग्रेगरी ड्युपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एका व्यावसायिक संघाच्या दोन मोसमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यात एक सामना खेळलेला खेळाडू आणि दोन सामने खेळलेला खेळाडू, यांची तुलना केली. दुसऱ्या सामन्यात खेळाडू कमी पळाले का? जवळजवळ नाही. पण दुखापती? आठवड्याला एक सामना असताना दर हजार तासांमागे ४.१ आणि दोन असताना २५.६. म्हणजे सहापट. बाहेरून बघणाऱ्याला खेळाडू ठणठणीत दिसतो, तोही म्हणतो, ‘मी बरा आहे, मला खेळवा.’ आणि सत्तराव्या मिनिटाला मांडी धरून खाली बसतो. तेव्हा ‘पोरगं पळतंय की’ या शेऱ्यावर संघ निवडू नका, एवढं तरी या आकड्यांवरून घ्यावं.

आता उदाहरण. दक्षिण आफ्रिकेतला २०१० सालचा विश्वचषक आठवा. प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्के यांचा स्पेनचा संघ १६ जूनला पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून ०-१ हरला. २१ जूनला होंडुरास, २५ ला चिली, आणि तिथून पुढे दर चौथ्या दिवशी बाद फेरीचा सामना: २९ जून पोर्तुगाल, ३ जुलै पराग्वे, ७ जुलै जर्मनी, ११ जुलै नेदरलँड्स. हे चारही सामने स्पेननं १-० असेच जिंकले. तेव्हा आपल्याकडेही लोक कुरकुरत होते, ‘हे काय फुटबॉल आहे? नुसते पासावर पास.’ गोल कितव्या मिनिटाला झाले ते मात्र बघा: ६३, ८३, ७३ आणि ११६. एकही पहिल्या हाफमधला नाही. असं चारदा लागोपाठ घडलं, तर त्याला योगायोग म्हणणं मला जड जातं.

स्पेन काय करत होता? चावी, इनिएस्ता, बुस्केट्स आणि चाबी आलोन्सो चेंडू फिरवत राहायचे. अंतर कमी, धोका कमी. त्या वेळात स्पेनचे बचावपटू चालत असायचे आणि समोरचे अकरा जण चेंडूमागे सरकत असायचे, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. कुस्तीत मुरलेला पैलवान खडाखडीत समोरच्याला दमवतो आणि मगच डाव टाकतो, ते खासबागेच्या गावात समजावून सांगायला नको. चेंडू गेलाच, तर आसपास स्पेनचेच तीन-चार जण उभे असायचे, म्हणून तो परत घ्यायला पाच-सात पावलं पुरायची. चढाई हळू होती आणि तिच्याच पोटात विश्रांती होती.

डर्बनचा उपांत्य सामना जवळून पाहण्यासारखा आहे. जर्मनीनं तोवर पाच सामन्यांत १३ गोल केले होते; ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि अर्जेंटिना या तिघांना प्रत्येकी चार. स्पेनचे पाच सामन्यांत गोल फक्त सहा. दोन्ही संघांचा आधीचा सामना ३ जुलैलाच झालेला, म्हणजे विश्रांती सारखी. जर्मनीचं बळ होतं चेंडू मिळताच सुसाट सुटण्यात. स्पेननं त्यांना चेंडूच मिळू दिला नाही. ७३ व्या मिनिटाला चावीनं कॉर्नर घेतला आणि मागून धावत आलेल्या पुयोलनं डोकं घातलं. संपूर्ण संध्याकाळ संथ खेळलेल्या संघाचा एक बचावपटू त्या क्षणी मैदानावर सगळ्यांत वेगात होता. थॉमस म्युलर निलंबित असल्यानं जर्मनीची धार कमी होती, हेही नोंदवायला हवं. पण एका म्युलरच्या नसण्यानं सगळा सामना समजावून सांगता येत नाही.

अंतिम सामना तर आणखी बोलका. नेदरलँड्सचा उपांत्य सामना ६ जुलैला झाला होता, स्पेनच्या एक दिवस आधी. ताजं कोण असायला हवं होतं? देल बोस्के यांनी तासाभराच्या खेळानंतर हेसूस नवासला आणलं, ८७ व्या मिनिटाला फाब्रेगासला, जादा वेळेत टोरेसला. ११६ व्या मिनिटाच्या गोलाची सुरुवात नवासच्या धावेनं झाली, टोरेसनं चेंडू आत टाकला, तो अर्धवट परतवला गेला आणि फाब्रेगासनं इनिएस्ताला दिला. पहिल्या तासात राखून ठेवलेला वेग त्यांनी ताज्या पायांनी शेवटी वापरला. तोवर नेदरलँड्सचा बचावपटू हायटिंगा लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता. चेंडूमागे पळून दमलेल्या बचावपटूचा पाय उशिरा पोचतो आणि मग फाऊल होतो. हे तुम्ही शाहू स्टेडियमवर दर रविवारी पाहता.

पण संथपणाचा असाच उदोउदो करत बसलो तर फसू. याच स्पेननं २०१८ साली मॉस्कोत रशियाविरुद्ध हजारावर पास दिले आणि पेनल्टीवर हरला. २०२२ साली कतारमध्ये मोरोक्कोविरुद्ध पुन्हा तेच: १२० मिनिटांत गोल शून्य, पेनल्टीतही शून्य. चेंडू फिरत होता, समोरचे सरकतही होते, पण वेग बदलणारी ती एक धाव आलीच नाही. समोरच्याला कळलं की, हे आत घुसणार नाहीत. मग तोही निवांत उभा राहिला आणि ज्याला दमवायचं तोच विश्रांती घेऊ लागला. संथ खेळाची किंमत अशी वसूल होते.

दुसऱ्या टोकाला प्रशिक्षक युर्गन क्लॉप. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते लिव्हरपूलला आले ते चेंडू जाताच झडप घालणारं फुटबॉल घेऊन. इंग्लंडमध्ये डिसेंबर-जानेवारीत सामन्यांची रांग लागते. पहिल्याच जानेवारीत त्यांचे खेळाडू हॅमस्ट्रिंग धरून एकामागून एक बाहेर बसू लागले. मोसमात एकूण ६३ सामने झाले. शेवटचा १८ मे २०१६ रोजी बासेलमध्ये, युरोपा लीगचा अंतिम सामना, सेव्हियाविरुद्ध. मध्यंतराला लिव्हरपूल १-० पुढे. दुसरा हाफ सुरू होऊन मिनिट व्हायच्या आत बरोबरी झाली, आणि शेवट १-३. थकव्याचं निमित्त इथे पुरतं चालत नाही, कारण सेव्हियाला चार दिवसांनी बार्सिलोनाविरुद्ध कोपा देल रेचा अंतिम सामनाही खेळायचा होता. फरक असा की, सेव्हियाला सामन्याच्या मधोमध वेग वाढवता आला. लिव्हरपूलचा वेग पहिल्या मिनिटापासून एकच होता, तो फक्त उतरू शकत होता.

क्लॉप शिकले. २०१९ च्या डिसेंबरचं उदाहरण मला फार आवडतं. १७ तारखेला बर्मिंगहॅममध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध लीग कपचा सामना आणि १८ तारखेला दोह्यात माँटेरीविरुद्ध क्लब विश्वचषकाचा. एकाच क्लबचे, चोवीस तासांच्या अंतरानं, दोन खंडांत. लिव्हरपूलनं बर्मिंगहॅमला पोरंटोरं पाठवली. ती ०-५ हरली. मुख्य संघ दोह्यात माँटेरीला हरवून २१ तारखेला फ्लामेंगोविरुद्ध जादा वेळेत जिंकला आणि २६ तारखेला लेस्टरमध्ये जाऊन चार गोल करून आला. एक स्पर्धा त्यांनी सरळ सोडून दिली. आपल्याकडे एखाद्या तालमीनं असं केलं तर दुसऱ्या दिवशी पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही! पण त्याच मोसमात लिव्हरपूलनं लीगच्या पहिल्या २७ सामन्यांपैकी २६ जिंकले, त्यातले बरेचसे एका गोलानं. आघाडी घेतली की चेंडू आणि गती दोन्ही ताब्यात ठेवायला तो संघ शिकला होता.

घरचं उदाहरण द्यायचं तर २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. दिल्लीत ६, ९ आणि १२ ऑक्टोबरला, सात दिवसांत तीन सामने. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, आणि तिसऱ्या सामन्यात घानाकडून ०-४. घानाचे चारपैकी तीन गोल दुसऱ्या हाफमधले, त्यातले दोन ८६ आणि ८७ व्या मिनिटाला. घानाही त्याच तीन दिवशी खेळली होती, त्याच शहरात. आपली मुलं मेहनतीत कमी पडली असं म्हणणाऱ्यानं ते सामने पुन्हा पाहावेत. मुलं जीव तोडून पळाली, पण बहुतेक वेळ चेंडूशिवाय पळाली. चेंडू मिळाला की तो घाईनं पुढे मारला जायचा, लगेच परत यायचा, आणि पुन्हा पळापळ. ही सगळ्यात महागडी चढाई.

मग प्रशिक्षकानं करायचं काय? आधी बदली खेळाडूंचं बघू. मे २०२० मध्ये करोनाच्या काळात नियमकर्त्यांनी पाच बदली खेळाडूंची मुभा दिली, पुढे ती कायमची झाली. म्हणजे गोलरक्षक सोडून दहांपैकी निम्मे पाय सामन्यात नवे करता येतात. या नियमानं गतीचं गणितच बदललं, पण आपले बरेच प्रशिक्षक अजून बदली खेळाडू आणतात तो कुणी लंगडायला लागल्यावर किंवा गोल खाल्ल्यावर. दोन सामने खेटून असतील तर तुमचा सर्वांत वेगवान विंगर पहिल्या अकरांत का असावा? त्याला साठाव्या मिनिटाला आणा. दमलेल्या साइडबॅकसमोर त्याची तीस मिनिटं नव्वद मिनिटांपेक्षा भारी पडतात. सरावाचंही तसंच. मधल्या तीन दिवसांत धावण्याचा सराव देऊन काही कमावता येत नाही. तो वेळ कॉर्नर आणि फ्री किक घोटण्यात घाला. पुयोलच्या त्या गोलासाठी स्पेनला मैदानभर पळावं लागलं नव्हतं. आणि सुरुवातीची पंधरा मिनिटं जोर लावायचाच असेल तर जरूर लावा, मात्र सोळाव्या मिनिटाला काय करायचं ते पोरांना आधी सांगून ठेवा.

शेवटी एक विनंती, आणि ती प्रशिक्षकांना नाही, स्पर्धा भरवणाऱ्यांना आहे. आपल्या मोसमात एका स्पर्धेच्या मांडवातून उठून संघ दुसऱ्या स्पर्धेच्या मांडवात जातात, तेही एप्रिल-मेच्या उन्हात. आपले खेळाडू नोकरी, कॉलेज, दुकान सांभाळून खेळतात. त्यांच्यामागे ना आहारतज्ज्ञ असतो, ना बर्फाची टाकी. पुढच्या मोसमाचं वेळापत्रक आखताना कुठल्याही संघाच्या दोन सामन्यांत पुरते तीन दिवस सोडा, आणि उपांत्य फेरीचे दोन्ही सामने शक्यतो एकाच दिवशी घ्या, म्हणजे अंतिम सामन्याला दोन्ही संघ सारख्या पायांनी उतरतील. त्यासाठी बक्षिसाची रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल.