अरण्यातले संत आंतोन

गोव्यात ‘सांत आंतोन’ म्हटले की बाळ येशूला कडेवर घेतलेल्या पादुवाच्या संतांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांचा सण १३ जूनला येतो. परंतु त्या संतांचे मूळ नाव फेर्नांदो. १२२० साली फ्रान्सिस्कन संघात प्रवेश करताना त्यांनी जे नाव स्वीकारले, ते साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या एका इजिप्शियन तपस्व्याचे होते. त्या मूळ आंतोनांचा सण १७ जानेवारीला असतो.

हे आंतोन सुमारे २५१ साली एका सधन ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. ते अठरा-वीस वर्षांचे असतानाच मातापित्यांचे छत्र हरपले आणि लहान बहिणीचा भार त्यांच्यावर पडला. एके दिवशी चर्चमध्ये शुभवर्तमानाचे वाचन चालले होते. ख्रिस्ताने एका श्रीमंत तरुणाला सर्वस्व विकून गरिबांना देण्यास सांगितल्याचा तो प्रसंग ऐकताच त्यांनी वडिलार्जित शेतजमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, चीजवस्तू विकून पैसा गोरगरिबांत वाटला, बहिणीला विश्वासातील व्रतस्थ स्त्रियांच्या हवाली केले आणि तपश्चर्येचा मार्ग धरला.

कवळ्याच्या मठाची परंपरा ज्यांच्या परिचयाची आहे, त्या अंत्रुज महालातील श्रोत्यांना संन्यास नवा नाही. आणि संन्यासाविषयीचा जुना प्रश्नही नवा नाही. जो घर सोडतो, तो कर्तव्यही सोडतो काय? आंतोनांचे उर्वरित आयुष्य हेच या प्रश्नाचे उत्तर होय.

नाईल नदीपलीकडील एका ओसाड गढीत त्यांनी सुमारे वीस वर्षे एकांतात काढली. अखेर त्यांचे अनुकरण करू पाहणाऱ्यांनी दार मोडले, तेव्हा समोर आला तो रोडावलेला, भ्रमिष्ट मनुष्य नव्हे, तर शांत व समतोल वृत्तीचा पुरुष. त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, दुःखितांचे सांत्वन केले, भांडणाऱ्यांची मने जुळविली. ३११ साली ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला, तेव्हा वाळवंट सोडून ते अलेक्झांड्रियास गेले. तुरुंगात आणि खाणीत खितपत पडलेल्यांची त्यांनी सेवा केली व न्यायासनासमोर उभ्या असलेल्यांना उघडपणे धीर दिला. ज्याने स्वतःसाठी काहीच राखले नव्हते, त्याला गमावण्याचे भय कशाचे?

पुढे तांबड्या समुद्राजवळील डोंगराच्या पायथ्याशी ते राहिले. आपल्या अन्नाचा भार दुसऱ्यांवर पडू नये म्हणून त्यांनी कुदळ मागवून घेतली, धान्य पेरले. दमूनभागून येणाऱ्या पाहुण्यांसाठी थोडी भाजीही लावली. सम्राट कॉन्स्टंटाइनचे पत्र आले, तेव्हा ते हुरळून गेले नाहीत. सम्राटही अखेर मनुष्यच, असे त्यांनी शिष्यांना समजाविले. ३५६ साली, १०५ वर्षांचे होऊन, त्यांनी देह ठेवला. आपली पूजा होऊ नये म्हणून दफनाची जागा गुप्त ठेवण्याची आज्ञा त्यांनी दिली होती. त्या डोंगराखाली त्यांच्या नावाचा मठ आजही नांदता आहे.

आणि ती बहीण? अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी लिहिलेल्या चरित्रात तिचा पुन्हा एकदा उल्लेख येतो. आंतोनांची व तिची भेट झाली, तेव्हा ती वृद्ध झाली होती आणि इतर व्रतस्थ भगिनींची मार्गदर्शक बनली होती. तिला पाहून त्या तपस्व्याला आनंद झाला. सर्व माया तोडली म्हणजे प्रेमही आटते असे नाही, हे त्या एका आनंदातून कळून येते.