नाताळची गाणी आणि आपल्या ओव्या
(लोणी, ता. आंबेगाव, येथील शाळेत पालकांपुढे केलेले भाषण)



नाताळ हा ख्रिस्ती लोकांचा सण. त्याचे आपल्या लोणीत काय, असे कोणी विचारील. परंतु ज्या घरचा मुलगा आज रात्री सरहद्दीवर पहारा करीत आहे, त्या घराला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

सन १९१४ च्या २४ डिसेंबरच्या रात्री फ्रान्स व बेल्जियमच्या रणभूमीवर जर्मन शिपायांनी आपल्या खंदकांवर मेणबत्त्या लावल्या व नाताळची गाणी म्हटली. समोरच्या इंग्रज शिपायांनी आपल्या गाण्यांनी उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी कित्येक ठिकाणी दोन्हीकडचे लोक बाहेर आले, हातात हात दिले, तंबाखू वाटली, मध्ये पडलेली प्रेते पुरली. त्यांत आपल्या देशाचे गढवाली शिपाईही होते. वरिष्ठांनी मात्र, असे पुन्हा होता कामा नये, अशी ताकीद दिली. गाणे ऐकले की समोरचाही कोणा आईचा लेक आहे हे शिपायाला आठवते. सेनापतीला तेच नको असते.

पुढच्या नाताळात, १९१५ साली, आपले मराठे कोठे होते? इराकात तैग्रिस नदीकाठी कूट गावात, तुर्कांच्या वेढ्यात. १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी तेथे होत्या. २४ डिसेंबरलाच तुर्कांनी तेथील किल्ल्यावर मोठा हल्ला केला. वेढा एप्रिल १९१६ पर्यंत चालला. दाणा संपत आला, घोडे मारून खाण्याची पाळी आली. पण पुष्कळ हिंदी शिपाई त्या मांसाला बरेच दिवस शिवले नाहीत. का? गावी परतल्यावर जात वाळीत टाकील, सोयरीक तुटेल! अंगावर हाडे उरली, तरी धर्ममार्तंडांच्या व जातपंचांच्या भीतीने हजारो मैलांवर पाठ सोडली नाही. अहो, कोणत्या आईने लेकाला सांगितले असते की बाबा, उपाशी मर, पण जात सांभाळ?

आईचे सांगणे जात्यावर होते. पहाटे दळता दळता परमुलखी गेलेल्या लेकाला, भावाला ती ओवीतून हाक मारी. इंग्रज शिपायाला लिहिता येत होते. त्याची पत्रे वर्तमानपत्रांत छापली गेली, म्हणून शंभर वर्षांनंतर आपणही त्याच्या गाण्याची गोष्ट सांगतो. आपला शिपाई बहुधा निरक्षर. त्याचे पत्र दुसऱ्याने लिहायचे, लष्करी तपासनिसाने उघडायचे, आणि घरच्या बाईने ते दुसऱ्याच्या ओटीवर जाऊन वाचून घ्यायचे. अशा पत्रात मनातले किती उतरणार? ते राहिले ओवीत, आणि ओवी राहिली कागदाबाहेर. विद्या नसली म्हणजे नुसते धनच जाते असे नाही. आपले दुःखसुद्धा आपल्या नावावर राहत नाही.

त्या लढाईनंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत दगड बसविले : या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. आकडा आहे, नाव नाही. १९१७ साली उभारलेली १११ क्रमांकाची महार पलटण तर १९२१ साली मोडूनच टाकली. सरकारने माणूस मोजला. आईने त्याला हाक मारली.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी आपल्याच पुणे जिल्ह्यातील खेड्यांपासून आरंभ करून, सहकाऱ्यांच्या मदतीने बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. काम थोर, पण आपल्या घरचे काम आपणच केले पाहिजे. गिरणी आली, बायांचे हात मोकळे झाले, याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु जाते परसात उलटे पडले व त्याबरोबर ओवीही मुकी झाली.

म्हणून आमचे मागणे एवढेच. प्रत्येक मुलामुलीने घरच्या किंवा शेजारच्या म्हातारीजवळ वही घेऊन बसावे. जाते असेल तर ते सरळ करून तिच्या हाती खुंटा द्यावा. हात फिरू लागला की शब्द आपोआप येतात. ओवी लिहावी, तिच्याखाली गाणारणीचे नाव लिहावे, आणि ओवी कोणा शिपायाची असेल तर त्याचेही. पाटलाच्या वाड्यापासून बौद्धवस्तीपर्यंत एकही घर सुटू नये. आणि ज्याचा मुलगा आज फौजेत आहे, त्याने ती ओवी आजीच्याच तोंडून त्याला फोनवर ऐकवावी. कूटच्या शिपायापर्यंत ती पोहोचली नाही. याच्यापर्यंत तरी पोहोचू द्या.