दीड महिन्याचा श्रावण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगण्याचे काम आमच्याहून अधिकारी मंडळींनी या व्यासपीठावरून पार पाडलेले आहे. आमचा विषय त्या मानाने घरगुती आहे. जबलपुरात राहणारा मराठी माणूस या शहराच्या ऋतूंत, जत्रांत आणि जेवणाखाण्यात कितपत सामील होतो, आणि त्याने कितपत व्हावे, एवढाच प्रश्न आम्ही आज आपणांपुढे ठेवणार आहोत. विषय ताटातला आहे म्हणून तो हलका आहे, असे मात्र कृपया समजू नये.

केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाचे घर एका खुणेवरून ओळखता येते. त्या घरात निदान दोन खोकी न उघडलेली असतात. आज ना उद्या बदलीचा हुकूम येणार, मग उघडून पुन्हा बांधायची कशाला, हा त्यामागचा विचार. खोक्यांचे ठीक आहे. परंतु पुष्कळदा माणसेही स्वतःला तसेच बांधून ठेवतात. शहर म्हणजे स्टेशनवरील प्रतीक्षालय, आणि खरे आयुष्य पुढच्या गाडीने कोठेतरी सुरू व्हायचे आहे, अशा समजुतीत दहा-दहा, वीस-वीस वर्षे निघून जातात. मुले मात्र त्याच प्रतीक्षालयात लहानाची मोठी होतात, आणि त्यांना ते प्रतीक्षालय आहे हे कोणी सांगितलेले नसते.

वास्तविक आपण येथे काल आलेलो नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात पडला. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपुरात एकत्र आला. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. पुढे खमरियाचा आणि वाहनांचा कारखाना उभा राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. त्याबरोबर अनेक मराठी कुटुंबांचे बिऱ्हाड हलले. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे येणारी छोटी लाईन ही त्या पिढीची माहेरवाट होती. २०१५ मध्ये ती छोटी गाडी बंद पडली आणि आता त्याच वाटेने मोठी लाईन झाली. वाट रुंद झाली खरी. पण या शहराकडे पाहण्याची आपली दृष्टी तितकीच रुंद झाली की नाही, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो, आणि त्यासाठी पंचांगाचा आधार घेतो. आपले महिने अमावास्येला संपतात, येथील लोकांचे पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो. वद्य पक्ष लागला की त्यांचा महिना आपल्यापुढे एक घर सरकतो. म्हणून आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची आणि शेजारच्या तिवारीजींची फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची. आपली गोकुळाष्टमी श्रावणातली, त्यांची भाद्रपदातली. आपले लक्ष्मीपूजन आश्विनातले, त्यांचे कार्तिकातले. महिन्याचे नाव निराळे, पण तिथी तीच, रात्र तीच आणि आकाशात चंद्राची कोरही तीच. नवा आलेला मराठी माणूस प्रथम गोंधळतो. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आषाढ वद्य चालू असतो, आणि ग्वारीघाटाहून नर्मदेचे पाणी घेऊन सावनातली कावडयात्रा निघालेली असते!

ज्याने यातले एकच पंचांग धरले, त्याला श्रावण एक महिन्याचा. ज्याने दोन्ही धरली, त्याचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि पोळ्याला संपतो. म्हणजे दीड महिना! मित्रहो, परप्रांतात राहण्याचा नफा-तोटा आम्हांला कोणी विचारला, तर आम्ही हा दीड महिना नफ्याच्या रकान्यात लिहू.

या दीड महिन्यातच येते राखी पौर्णिमा. समुद्रापासून इतक्या दूर बसून आपण नारळीभात करतो, आणि दुसऱ्या दिवशी इकडे असतात कजलिया. नागपंचमीच्या सुमारास द्रोणांत गहू पेरतात, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. त्याचे लांबट, पिवळसर कोंब येतात. ते नदीवर किंवा तळ्यावर धुऊन आणायचे आणि एकमेकांस द्यायचे. थोरांनी ते कानामागे खोवायचे आणि धाकट्यांस आशीर्वाद द्यायचा. वर्षभरातले रुसवेफुगवे त्या दिवशी मिटवायचे. आपल्या संक्रांतीच्या तिळगुळाचे काम येथे गव्हाचे कोंब करतात, एवढाच फरक. आणखी एक रीत अशी की, ज्या घरी वर्षभरात कोणी गेले असेल त्या घरी लोक आवर्जून जातात.

आमच्या मातोश्री ज्या वर्षी निवर्तल्या, त्या वर्षी तेराव्याचे विधी आटोपून आमचे आप्त पुण्या-साताऱ्याकडे परतले होते. घर रिकामे झाले होते. कजलियांच्या संध्याकाळी आमच्या गल्लीतील माणसे एकामागून एक येऊ लागली. त्यांत भाजीवाला होता, कार्यालयातील चपरासी होता, आणि ज्यांच्याशी पार्किंगवरून आमचे बोलणे बंद होते ते गृहस्थही होते. कोणी सांत्वनाचे मोठे शब्द बोलले नाही. हातात चार कोंब द्यायचे, दोन मिनिटे बसायचे, “चलते हैं” म्हणून उठायचे. त्या रात्री आमच्या देवघरातील तबक गव्हाच्या कोंबांनी भरून गेले होते. विनोबांनी या नगरीस ‘संस्कारधानी’ म्हटले, असे येथे अभिमानाने सांगतात. त्या शब्दाचा अर्थ आम्हांस त्या तबकात दिसला.

पुढे नवरात्र येते. जबलपूरचा दसरा पाहण्यास दूरदूरची माणसे येतात. गोविंदगंजच्या रामलीलेची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे, बंगाली मंडळींची दुर्गापूजा आहे, आणि सुनरहाई-नुनहाईच्या देवी बुंदेली थाटात दागिन्यांनी मढलेल्या असतात. विजयादशमीला आपण आपट्याची पाने देऊन सोने म्हणतो. बुंदेलखंडात घरी आलेल्यास विडा देतात. आमचा अनुभव असा की, एका हाताने आपट्याचे पान दिले आणि दुसऱ्याने विडा घेतला, की संभाषण फार लवकर जमते.

आणि मग कोजागरी. पावसाळ्यात भेडाघाटची नौका बंद असते. नर्मदा इतकी भरते की धुआंधारचा प्रपातच पाण्याखाली लपतो. पाऊस ओसरला की संगमरवरी कड्यांमधून पुन्हा नावा सुरू होतात. आपली कोजागरी तीच इकडची शरद पौर्णिमा. आपण मसाल्याचे दूध आटवतो, ते चांदण्यात खीर ठेवतात. चंद्र माथ्यावर आला की दोन्ही बाजूंचे पांढरे कडे उजळतात आणि नावाडी यमके जुळवीत ‘बंदरकूदनी’ची गोष्ट सांगू लागतो. त्याच्या विनोदांना आपणही हसावे. ते पिढीजात आहेत आणि दर खेपेस नवे नसतात, परंतु आपल्या कीर्तनकारांचे तरी कोठे असतात?

हिवाळा म्हणजे येथील ताटाचा राजा. मार्गशीर्ष-पौषात पाटण, शहपुऱ्याकडचा मटार बाजारात उतरतो आणि त्याचे ढीग पाहून डोळे निवतात. मराठी घरांत मटारच्या करंज्या, उसळ आणि भात यांचा सपाटा सुरू होतो. सिहोऱ्याकडचा शिंगाडा येतो. आपल्याकडे तो उपवासाच्या पिठाच्या रूपाने भेटतो, येथे हिरवा, कोवळा, नुकता तळ्यातून काढलेला. पेरूला येथे ‘बिही’ म्हणतात आणि वांग्याला ‘भटा’. हरभऱ्याचे डहाळे जाळावर भाजले की आपला हुळा होतो आणि त्यांचा होरा. नावे एकाच पाळण्यातली वाटावीत इतकी जवळची. नदीकाठच्या सहलीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले गक्कड, तुपात बुडवून, भट्याचे भरीत आणि डाळ यांबरोबर ज्याने खाल्ले, त्याने जबलपूर निम्मे जिंकले. उरलेले निम्मे कमानिया गेटापाशी आहे. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभारलेल्या त्या कमानीजवळ खव्याची काळसर जिलबी मिळते. तिच्याविषयी भाषण करणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. ती खावयाची वस्तू आहे.

संक्रांतीस तिलवाराघाटावर जत्रा भरते. नावातच तीळ ऐकू येतो. माघ शुद्ध सप्तमीस आपली रथसप्तमी, आणि त्याच दिवशी यांची नर्मदाजयंती. आपल्या घरी अंगणात गोवरीवर दूध उतू जात असते आणि ग्वारीघाटावर दिव्यांचे द्रोण प्रवाहात सोडले जात असतात. सकाळ सूर्याची, संध्याकाळ नर्मदेची. एकाच तिथीत दोन्ही बसतात. याच घाटांवरून ‘नर्मदे हर’ म्हणत जाणारे परिक्रमावासी आपणांस भेटतात, आणि त्यांतील कितीतरी मराठी बोलतात. महाराष्ट्रातून माणसे ज्या नदीसाठी महिनोन् महिने पायी चालतात, तिच्या काठी आपणांस सरकारने पगार देऊन ठेवले आहे! उन्हाळ्याविषयी थोडक्यात सांगतो: पन्हे आणि पना यांत फरक नाही, आणि हापूस संपल्यावर शोक करू नये, पाऊस पडू लागला तरी येथे लंगडा आणि दशहरी चालूच असतात.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मनापासून घेतलेला असतो. “असे सगळ्यांत मिसळलो तर आपले मराठीपण राहील काय? मुले आधीच आपसांत हिंदी बोलतात.” ही चिंता खोटी नाही. आमच्याही घरी आहे. परंतु आम्ही असे पाहिले आहे की, ज्या घरी दारे लावून मराठीपण जपले, तेथील मुलांना ते आईवडिलांची एक सवय वाटले. वडील निवृत्त झाले की सवयही निवृत्त झाली. उलट ज्या घरी गणपतीत शेजाऱ्यांना मोदकाला बोलावले, तेथे मुलाला प्रश्न विचारले गेले: एकवीसच का? गौरी म्हणजे कोण? ‘सुखकर्ता’ म्हणजे काय? शेजारच्या काकूंना उत्तर द्यायचे म्हणून तो आजीकडे धावला. जे दुसऱ्यास द्यायचे, ते आधी आपल्या घरात असावे लागते. देण्याघेण्यामुळे ते संपत नाही. वापरात नसलेले मात्र गंजते.

दुसरी गोष्ट निवृत्तीची. आमच्या वयाच्या सभासदांच्या घरी सध्या एकच विषय आहे: पुणे की नागपूर की येथेच? हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि त्यावर उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु जे स्नेही येथून गेले त्यांचे दूरध्वनी येतात. प्रकृतीची चौकशी होते, भाव किती वाढले ते होते, आणि मग आवाज जरा उतरतो: “मटार आला का हो?” ज्या शहरास ते तीस वर्षे परके म्हणत होते, त्याची आठवण त्यांना आता येते. प्रेम करण्यासाठी शहर सुटण्याची वाट पाहू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन विनंत्या करतो. मंडळाने दरवर्षी एक दिनदर्शिका काढावी आणि तीत आपला आणि येथला, दोन्ही महिने शेजारी शेजारी छापावेत. कोजागरी सभागृहाच्या गच्चीवर न करता भेडाघाटी करावी, आणि प्रत्येक कुटुंबाने एका अमराठी कुटुंबास पाहुणे म्हणून आणावे. दूध आपले, खीर त्यांची. तिसरी विनंती अधिक महत्त्वाची. कजलियांच्या दिवशी मंडळाच्या पाच-दहा जणांनी मिळून, वर्षभरात ज्यांच्या घरी दुःख झाले असेल अशा घरी जावे. घर मराठी आहे की नाही, हे विचारू नये.

पुढील पन्नास वर्षांत या मंडळाचे सभासद वाढतील की घटतील हे आज कोणास ठाऊक? आमची मुले बंगळूरला आहेत, आपली आणखी कोठे असतील. ती तेथेही परकीच असतील आणि तेथेही एखादे मंडळ शोधतील. त्यांच्याबरोबर शिदोरी म्हणून काय द्यावे? पुरणपोळी तर द्यावीच. परंतु नव्या गावाचे पंचांग आपल्या पंचांगाशेजारी टांगावे, ही रीतही द्यावी. मग ती जातील तेथे त्यांचा श्रावण दीड महिन्याचा होईल.

 भोजनाची वेळ झाली आहे आणि आजच्या बेतात मटार आहे, असे कळते. तेव्हा अधिक बोलणे उचित नव्हे. नर्मदे हर! जय महाराष्ट्र!